छोट्या कपातलं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावलं तर चालतं का?

शक्यतो नको, आधीच्या कपापेक्षा साधारण २ इंच रुंद कुंडी घ्या, तळाला भोक हवंच. कारण इवल्याशा मुळांना एवढ्या मातीतलं पाणी ओढवत नाही, माती आतून ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात, मग पानं पिवळी पडली की आपण अजून पाणी घालतो ते वेगळंच! दरवर्षी बी लावते, बरीच रोपं अशीच घालवलीयत. काढताना खोड धरून ओढू नका, कप उलटा करून मागून टिचक्या मारा, मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर बोटाने हलकेच मोकळी करा. टोमॅटो मात्र भराभर वाढतो, त्याला जरा मोठी कुंडी चालते, आणि खोडालाही मुळं फुटतात म्हणून खालची पानं काढून खोल लावा.