चौथ्या भागात थांबलेली शर्यत

वाचकांचे प्रश्न : ऑगस्ट २००७

यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मालिकेबद्दल आहेत, फॉक्स वाहिनीवरच्या ‘ड्राइव्ह’बद्दल. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लोरिडाच्या टोकाला, ‘की वेस्ट’ नावाच्या बेटावर, एक बेकायदा मोटारशर्यत सुरू होते आणि देशभर पळते. बक्षीस आहे ३ कोटी २० लाख डॉलर. काहीजण हौसेने उतरलेत, काहींना दुसरा मार्गच नाही. नेब्रास्कात लोकांच्या बागा लावून देणारा ॲलेक्स टली (नेथन फिलियन) त्यात ओढला जातो, कारण त्याच्या बायकोला कोणीतरी पळवून नेलंय. १५ एप्रिलला मालिका सुरू झाली, २३ तारखेला चौथा भाग लागला आणि २५ला वाहिनीने ती बंद केली.

प्रश्न : ताई, रविवारी आम्ही घरातले सगळे दोन तास बसलो, सोमवारी पुन्हा बसलो. मुलांनी तर नकाशा काढून भिंतीवर लावला. आणि दहा दिवसांत मालिका गायब! प्रेक्षकाला हे लोक समजतात तरी काय? (एडिसन, न्यू जर्सी)

तुमचा राग रास्त आहे, माझाही तोच आहे. पण हे झालं कसं ते आधी बघू.

रविवारी दोन भाग, सोमवारी रात्री आठला तिसरा, आणि पुढे तीच सोमवारची वेळ. त्या वेळी एबीसीवर ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ असायचं आणि एनबीसीवर ‘डील ऑर नो डील’. दोन्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचे कार्यक्रम, कुठूनही बघायला लागलं तरी समजणारे. त्यांच्यासमोर एक नवी गोष्ट, जिचा पहिला भाग चुकला तर कोण कोणाचा कोण हेच कळत नाही. त्यात एप्रिलअखेरीला ‘स्वीप्स’ सुरू व्हायचे. या आठवड्यांतल्या प्रेक्षकसंख्येवर गावोगावच्या टीव्ही केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरायचे, त्यामुळे त्या काळात कमी आकड्याची मालिका ठेवायला कोणी धजत नसे. मेच्या मध्यावर तर पुढच्या हंगामाची यादी जाहिरातदारांपुढे मांडायची असते. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू केलेल्या मालिकेला स्वतःची माणसं जमवायला वेळ दिलाच नव्हता.

शिवाय तुमच्यासारख्या कित्येक घरांत मालिका रेकॉर्ड करून मग सवडीने बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जो आकडा हातात येतो, त्यात ही सगळी माणसं धरलेली नसतात. २००७-०८च्या हंगामापासून तीन दिवसांच्या आत रेकॉर्डिंगवर पाहिलेल्या जाहिरातीही मोजायला लागले. ‘ड्राइव्ह’ला त्याचा काही उपयोग नाही.

जुन्या प्रेक्षकांनी हे आधीच ओळखलं होतं. मालिका सुरू व्हायच्या आधीपासून माझ्या ओळखीतले लोक म्हणत होते, “जीव लावू नका, ही टिकणार नाही.” कारण टिम मिनिअर हे नाव. त्याने बेन क्वीनबरोबर ही मालिका उभी केली. २००२च्या ‘फायरफ्लाय’मध्ये तो होता, नायकही हाच फिलियन. तिचे चौदा भाग तयार झाले आणि अकरा दाखवले, तेही क्रम सोडून. २००४मध्ये ‘वंडरफॉल्स’ चार भागांत बंद. २००५मध्ये ‘द इनसाइड’ अर्ध्यावर. सगळ्या याच वाहिनीवर. ज्याचं काम वाहिनी पुन्हा पुन्हा मागवते, त्यावर तिचा विश्वास आहे असं आम्ही धरून चालायचं की नाही?

इतर मालिका मध्येच बंद पडल्या तर निदान पाहिलेले भाग पदरात असतात. शर्यतीचं तसं नाही. कोण पोहोचलं हे सांगायचा शब्द पहिल्याच भागात दिलेला असतो. लोकांना पंगतीला बसवून वरणभातावरच पानं उचलावीत तसं झालं हे.

प्रश्न : माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी भारतातून आल्या आहेत. इंग्रजी जेमतेम कळतं, पण ही मालिका त्या मन लावून बघायच्या. रोज विचारतात, “त्या बाळाच्या आईचं काय झालं गं?” काय सांगू? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

ती वेंडी. मेलनी लिन्स्की नावाच्या न्यूझीलंडच्या नटीने केली आहे. मारकुट्या नवऱ्याच्या तावडीतून सुटायचं, तान्ह्या बाळाला त्याच्या हाती लागू द्यायचं नाही, आणि त्यासाठी पैसा हवा, म्हणून ती शर्यतीत. तिला ना गाडीची हौस, ना वेगाची. स्टीअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसते, खांदे वर चढलेले, आणि डोळे पुढच्या रस्त्यापेक्षा मागच्या आरशाकडे जास्त. भाषा न कळणाऱ्या बाईलाही त्यातून सगळं कळतं. घाबरलेली बाई पडद्यावर किंचाळताना आपण पुष्कळदा पाहतो. घाबरलेली असूनही गाडी चालवत राहणारी फार कमी दिसते.

मला या मालिकेतलं खरं बळ इथेच दिसलं. आजारी शास्त्रज्ञ बाप आणि त्याची तरुण मुलगी (एमा स्टोन) एका गाडीत. तुरुंगातून नुकताच सुटलेला एक भाऊ आणि त्याच्याशी ओळखही नसलेला त्याचा सावत्र भाऊ दुसऱ्या गाडीत. इराकहून आलेला सैनिक आणि त्याची बायको. बंद गाडीत तासन्‌तास शेजारी बसलं की माणसं जे घरी बोलत नाहीत ते बोलतात, हे लांबचा प्रवास केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. काही वाचकांनी “पात्रं फार, लक्षात कोण ठेवणार” असं लिहिलंय. मी उलट म्हणेन, पात्रं होती तेवढी हवीच होती. जास्तीची होती ती शर्यतीमागची गुप्त संघटना. तिच्या कारस्थानांवर जो वेळ गेला, तो वेंडीला द्यायला हवा होता.

तिचं पुढे काय झालं, ते दाखवलेल्या भागांत तडीला गेलेलं नाही. सासूबाईंना खरं तेच सांगा. आपल्या मनाने शेवट रचून सांगू नका, त्यांना लगेच कळेल.

प्रश्न : अशी शर्यत खरंच कधी झाली आहे का, की सगळं काल्पनिक? माझा मुलगा ऑस्टिनला असतो, तो म्हणतो झाली आहे. (पुणे)

चिरंजीव बरोबर आहेत. ३ कोटी २० लाख डॉलरचं बक्षीस आणि गुप्त संघटना काल्पनिक, बाकी बरंच घडलेलं.

अर्विन बेकर नावाचा एक गृहस्थ मोटारी आणि मोटारसायकली घेऊन अमेरिका आडवी पार करायचा. लोक त्याला ‘कॅननबॉल’ म्हणत. १९३३ साली त्याने एकट्याने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस साडेत्रेपन्न तासांत गाठलं, आजच्यासारखे महामार्ग नसताना. १९७१मध्ये ब्रॉक येट्स या मोटार-पत्रकाराने त्याच्या नावाने शर्यत काढली. मॅनहॅटनमधलं रेड बॉल गॅरेज ही सुरुवात, कॅलिफोर्नियात रेडोंडो बीचवरचं पोर्टोफिनो इन हा शेवट. नियम जवळजवळ नाहीतच. त्या नोव्हेंबरात येट्स आणि डॅन गर्नी यांनी फेरारी डेटोना ३५ तास ५४ मिनिटांत नेली. गर्नी साधासुधा नव्हे, १९६७ला ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला माणूस. तेलटंचाईनंतर १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा ही शर्यत म्हणजे त्या कायद्याविरुद्धची आरोळीच झाली. १९७९च्या शेवटच्या शर्यतीत एका जग्वारने ३२ तास ५१ मिनिटांत अंतर कापलं.

हे सगळं वाचायला रंजक आहे. पण मालिका बंद झाल्यावर बरोबर आठवड्याने, २ मेला, युरोपात ‘गंबॉल ३०००’ नावाच्या श्रीमंतांच्या रॅलीतल्या एका पोर्शने मॅसिडोनियात साध्या फोक्सवॅगनला धडक दिली. त्या गाडीतलं वयस्क जोडपं गेलं. त्यांचा कशात काही संबंध नव्हता, ते आपल्या वाटेने चालले होते. रॅली रद्द झाली. पुण्यात रात्री मोटारसायकली पळवणारी मुलं तुम्ही रोज बघत असाल. मालिका त्यांच्याबरोबर बघितलीत तर ही गोष्टही सांगा, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : गाड्या खोट्या वाटतात असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. खरं का? (शिकागो)

बरंचसं खरं. नट स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर गाडीत बसतात, रस्ता मागाहून संगणकाने भरतात. काही ठिकाणी ते जाणवतं. पण पहिल्या भागात कॅमेरा महामार्गावर एका गाडीच्या खिडकीतून आत शिरतो, माणसांचं बोलणं ऐकतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पुढच्या गाडीत जातो, मध्ये कुठेही तुकडा पडल्याचं दिसत नाही. खऱ्या रस्त्यावर खऱ्या गाडीत हे जमलं नसतं. तेवढ्यासाठी मी बाकीचा खोटेपणा माफ करते.

मला खटकलं ते वेगळंच. ‘की वेस्ट’हून बाहेर पडायला एकच रस्ता, ‘यूएस-१’. बेटांवरून आणि पुलांवरून शंभराहून अधिक मैल, बराचसा जायला एक आणि यायला एक अशा दोनच मार्गिकांचा. आम्ही त्यावरून गेलो तेव्हा बाजूच्या हिरव्या मैलपाट्याच बघत होतो, तिथल्या दुकानांचे पत्तेही त्याच पाट्यांच्या आकड्यांवर असतात. ‘बिग पाइन की’ या बेटावर तर बुटक्या हरणांसाठी रात्री ताशी ३५ मैलांची मर्यादा. सगळे स्पर्धक एकाच वाटेवर अडकलेत, पुढे जायला जागा नाही, याच्यात केवढं नाट्य होतं!

प्रश्न : पत्रं पाठवून मालिका परत आणता येईल का? ‘जेरिको’ आली ना! (डॅलस)

सीबीएसने ‘जेरिको’ बंद केल्यावर प्रेक्षकांनी वाहिनीच्या कार्यालयात टनावारी शेंगदाणे पाठवले, आणि जूनमध्ये वाहिनीने सात भाग मंजूर केले. पण ‘जेरिको’चा पूर्ण हंगाम दाखवून झाला होता, प्रेक्षक मुरलेला होता. चार भागांच्या मालिकेला ते कठीण आहे, आणि नटमंडळी एव्हाना दुसऱ्या कामांना लागली असतील.

तरी लिहा. तयार असलेले शेवटचे दोन भाग जुलैत दाखवू म्हणाले, तारीख बदलली, मग दूरदर्शनसंचावर न दाखवता १५ जुलैला इंटरनेटवर ठेवले.  पत्रात धमक्या नकोत, नुसतं “परत आणा”ही नको. कोणत्या पात्रासाठी बसत होता, घरात कोण कोण बसायचं, रेकॉर्ड करून बघत होता का, ते लिहा. फ्रीमाँटच्या सूनबाई, सासूबाईंना मराठीत सांगू द्या, तुम्ही इंग्रजीत उतरवा, आणि खाली त्यांची सही घ्या.