वसतिगृहाला एकरकमी पाच लाख द्यावेत, की दोन वर्षं थांबावं?

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ६३, निवृत्त सरकारी शिक्षिका. पेन्शन महिना ३८ हजार, खर्च ३० हजारांच्या आत, घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही. मुदत ठेव पिकून २० लाख रुपये हाती आले आहेत. झाबुआ भागातल्या आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहाला त्या दरवर्षी थोडी देणगी देतात. त्या वसतिगृहाची परदेशी मदत थांबल्यामुळे यंदा एकदम ५ लाख द्यावेत असं त्यांच्या मनात आहे. आणखी ५ लाख त्यांना एका अ‍ॅपवर गुंतवायचे आहेत. तिथून गरीब बायकांना धंद्यासाठी कर्ज मिळतं आणि गुंतवणाऱ्याला १२ टक्के मिळतात, असं त्यांना सांगितलं गेलं आहे. मुलाचं म्हणणं मात्र असं, की युद्धाच्या बातम्या आहेत, बाजाराचा भरवसा नाही, तेव्हा दोन वर्षं कुणालाच काही देऊ नकोस.

ताई, मुलगा काळजीपोटी बोलतोय, पण थांबण्याचा सल्ला तुम्हाला लागू होत नाही. बाजार पडला की व्यापारी आणि नोकरदार हात आखडता घेतात. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजकामावर खर्चायचा, पैसा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के असतो, त्यामुळे वाईट वर्षाचा फटका तिथे उशिरा बसतो, पण बसतो. तुमची पेन्शन शेअर बाजाराबरोबर खाली येत नाही. अडचणीच्या काळात नेमाने देऊ शकतील अशा थोड्या लोकांपैकी तुम्ही आहात. म्हणून तुमच्या देणगीची खरी किंमत रकमेत नाही, ती न चुकता पोहोचण्यात आहे. एकदम ५ लाख देऊ नका आणि थांबूही नका.

एकरकमी का नको, तेही सांगतो. धर्मादाय संस्थेला कराची सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. उरलेली रक्कम पुढे न्यायची सोय आहे, पण त्यासाठी मुदतीत अर्ज भरावा लागतो आणि लहान संस्थेत नेमकं तेच राहून जातं. तुमचे ५ लाख मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचले, तर घाईघाईने पलंग, सोलर हीटर, रंगरंगोटी असलं काहीतरी निघतं. जूनमध्ये वॉर्डन आणि स्वयंपाकिणीच्या पगाराचा प्रश्न तसाच उभा राहतो. पुढच्या वर्षी तुमच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं, आणि खड्डा तेवढाच असतो.

आता परदेशी मदतीबद्दल. ती 'थांबली' म्हणजे नेमकं काय झालं, हे संस्थेच्या सचिवांना स्पष्ट विचारा. शक्यता तीन आहेत. पहिली, देणाऱ्या देशानेच हात काढला. अमेरिकेने जानेवारी २०२५मध्ये परदेशी मदत गोठवली आणि त्यांची यूएसएड ही संस्था त्याच वर्षी १ जुलैला बंद झाली. तिच्या पैशावर चालणारे कार्यक्रम जगभर असेच अडकले. दुसरी, मोठी भारतीय संस्था परदेशी पैसा आणून लहान संस्थांना वाटत असे आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, यातल्या सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने ते वाटप बंद केलं. (त्याच दुरुस्तीने परदेशी पैशातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली.) तिसरी, संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी संपली किंवा रद्द झाली.

पहिल्या दोन कारणांत संस्थेचा दोष नाही. तिसऱ्यात आदेशाची प्रत पाहायला मागा. कारण निव्वळ उशिरा भरलेला अर्ज असेल, तर गोष्ट वेगळी. हिशेबातला घोळ असेल, तर फार वेगळी. शिवाय नोंदणी रद्द झाली, की परदेशी पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. वसतिगृहाची इमारत तशा पैशातून बांधलेली असेल, तर इमारतीच्या दुरुस्तीला सध्या पैसे देऊ नका. धान्य, पगार आणि औषधपाणी यांना द्या.

पैसे भरताना खाते क्रमांक नीट पाहा. परदेशी देणग्या घेण्यासाठी प्रत्येक संस्थेला स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं ठेवावं लागतं. आयएफएससीच्या शेवटी ००६९१ आलं, तर ती हीच शाखा. त्या एफसीआरए खात्यात देशातली देणगी जमा करता येत नाही. बऱ्याच संस्थांच्या जुन्या पत्रकांवर तेच खातं छापलेलं असतं आणि देणगीदार निष्पापपणे त्यात पैसे टाकतात. त्याचा त्रास पुढे संस्थेला होतो. तुमच्यासाठी त्यांचं देशी देणग्यांचं खातं वेगळं मागून घ्या.

८०जीच्या, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या, पावतीकडे बघून संस्था निवडू नका. वर्षाची ४ लाख ५६ हजार पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरूनही नव्या करप्रणालीत तुम्हाला कर लागत नाही. त्या प्रणालीत ही वजावट मिळतही नाही. त्यामुळे 'सहायता निधीला दिलं तर शंभर टक्के वजावट' हा मुद्दा तुमच्या बाबतीत गैरलागू आहे. मुलगा जुन्या प्रणालीत कर भरत असेल, तर त्याने स्वतःच्या पगारातून दिलेल्या देणगीवर त्याला साधारण ५० टक्के वजावट मिळेल. मात्र २ हजारांवरची रक्कम रोखीने नको. तुमच्या पैशाची पावती त्याच्या नावाने फाडू नका.

अ‍ॅपवरच्या १२ टक्क्यांचं काय? ताई, इथे मी तुम्हाला अडवतो. ती कंपनी रिझर्व्ह बँकेकडे पीटूपी, म्हणजे एका माणसाचा पैसा थेट दुसऱ्याला कर्जाऊ मिळवून देणारी कंपनी, म्हणून नोंदलेली आहे का, हे आधी तपासा. नोंदलेली असली तरी ऑगस्ट २०२४च्या नियमांनुसार तिला खात्रीचा परतावा सांगता येत नाही, 'हवे तेव्हा पैसे काढा' असंही म्हणता येत नाही. कर्ज बुडालं तर मुद्दल आणि व्याज दोन्ही तुमचं बुडतं. ५ लाखांवर १२ टक्क्यांनी ६० हजार होतात. दहातलं एक कर्ज बुडालं, तर व्याज ५४ हजार येतं आणि मुद्दलातले ५० हजार जातात. वर्षभर जीव टांगणीला लावून हाती ४ हजार.

आणि ही कर्जं बहुतेक वेळा बायकांच्या बेइमानीने बुडत नाहीत. ऑक्टोबर २०१०मध्ये आंध्र सरकारने वटहुकूम काढला आणि काही आठवड्यांत सूक्ष्मकर्जांची तिथली वसुली जवळजवळ थांबली. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर रोख हप्त्यांचं चक्रच अडलं. फेब्रुवारी २०२५मध्ये कर्नाटकाने जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. जाच थांबायलाच हवा, त्यात वाद नाही. पण कर्जदार सगळे एकाच राज्यातले असतील, तर एका राजकीय निर्णयाने तुमची सगळी कर्जं एकाच दिवशी आजारी पडतात. शंभर बायकांना वाटून दिलं म्हणून जोखीम वाटली गेली, असं होत नाही. राज्यवार वाटणी दाखवा म्हणा. दाखवत नसतील, तर विषय संपला.

अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरं, अन्नछत्रं उभी केली ती खासगीच्या पैशातून. दौलतीचा खजिना वेगळा होता. तुम्हीही देणगी आणि गुंतवणूक या दोन थैल्या वेगळ्या ठेवा. 'पुण्यही आणि परतावाही' म्हणणाऱ्याला दोन्ही थैल्यांत हात घालू देऊ नका.

समाजाच्या कामाची गुंतवणूकच हवी असेल, तर आपल्या गावचंच उदाहरण आहे. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे विकले, व्याज ८.२५ टक्के. खरगोन जिल्ह्यात जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, म्हणजे नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवण्याचं वीजबिल कमी होईल, असा त्यामागचा हेतू. ३, ५, ७ आणि ९ वर्षांचे असे त्याचे चार भाग होते. ज्यांची मुदत अजून उरली आहे ते डीमॅट खात्यातून बाजारात घेता येतात, पण व्यवहार तुरळक असतात. घ्यायचे तर मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या तयारीने, आणि भाव बघून हाती नेमका किती टक्के परतावा पडतो ते काढूनच. दीड लाखाच्या वर जाऊ नका. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरचे, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीच्या शेअर बाजारातले, 'झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल' रोखे १ हजारापासून मिळतात, पण त्यात मुद्दलही परत येत नाही. ती देणगीच समजा.

तुमच्या २० लाखांची वाटणी मी अशी करेन. ६ लाख बँकेत, लगेच मोडता येतील अशा ठेवीत. वर्षभराचा घरखर्च आणि दवाखाना त्यात बसतो. याला कुठल्याही संकटात देणगीसाठी हात लावायचा नाही. १० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याचा दर ८.२ टक्के, आणि पैसे भरताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. म्हणजे तिमाहीला २० हजार ५०० रुपये. त्यातले २० हजार वसतिगृहाला. वर्षाचे ८० हजार झाले, आणि मुद्दल तुमचंच राहिलं. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज परत द्यावं लागतं, त्यानंतर मोडलं तर दीड किंवा एक टक्का कापतात, हे लक्षात असू द्या. दीड लाख वसतिगृहाला यंदाच, दीड लाख रोख्यांत. उरलेले १ लाख पूर किंवा भूकंपासाठी राखून ठेवा, पण घटना घडल्यावर तीन महिन्यांनी द्या. पहिल्या पंधरवड्यात कपडे आणि बिस्किटांचा ढीग पडतो. शाळेचं छप्पर आणि बुडालेला रोजगार यांच्या वेळेला देणारे निघून गेलेले असतात.

वसतिगृहाच्या दीड लाखाचे जून, सप्टेंबर, डिसेंबर असे तीन हप्ते करा. सोबत संस्थेला एक पत्र द्या: पुढची तीन वर्षं तिमाहीला २० हजार, पगार आणि धान्यासाठी, ऑक्टोबरअखेर लेखापरीक्षित ताळेबंद मिळत राहिला तर. असं लेखी आश्वासन हातात असलं, की सचिव वॉर्डनला वर्षभराची नेमणूक देऊ शकतात. बचत योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं. बँकेला स्थायी सूचना त्या महिन्यांच्या ५ तारखेची द्या.