यंत्राच्या पोटातले आणि माणसाच्या डोक्यातले

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

डिप्लोमा पूर्ण करून तू रबाळ्याच्या गाळ्यात वडिलांच्या बरोबरीने उभी राहणार आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र पत्रासोबत आलेले तीन लाखांच्या सॉफ्टवेअरचे कोटेशन पाहून थोडा थांबलो. त्या पैशांना हात लावण्यापूर्वी माझी एक फजिती ऐक.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वागळे इस्टेटमधील माझ्या गाळ्याचे शटर खाली आले, ते अडीच महिन्यांनी वर गेले. सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी लेथ, सुरू केली, तर पडद्यावर बॅटरीचा अलार्म आणि मेमरी कोरी. जुन्या कंट्रोलरमधील पॅरामीटर, म्हणजे यंत्राची मूळ सेटिंगे, आणि प्रोग्राम एका लहानशा बॅटरीच्या आधारावर टिकलेले असतात. वीजपुरवठा बंद असताना ती संपली की सारे पुसले जाते, म्हणून ती वेळेवर आणि यंत्र चालू ठेवूनच बदलायची असते. हे मला ठाऊक होते, पण केले नव्हते. उरलेसुरले ऑफसेट, म्हणजे हत्यारांच्या मापांची जुळणी, यंत्र जुळवून देणाऱ्या सेटरच्या डायरीत होते, आणि सेटर डायरीसह गावी. ऑर्डर हातात, कच्चा माल रॅकवर, यंत्र धडधाकट, तरी अठरा दिवस एकही जॉब, म्हणजे घडवलेला भाग, निघाला नाही. ग्राहकाने काम दुसरीकडे वळवले. मी त्याच्या जागी असतो तर तेच केले असते.

तेव्हापासून, यंत्राच्या पोटात आणि माणसाच्या डोक्यात जे आहे ते उद्या दुसऱ्या कोणालाही काढता येईल अशा जागी उतरवून ठेवणे, यालाच मी डिजिटल होणे म्हणतो. तू पहिल्याच आठवड्यात प्रत्येक यंत्राचे पॅरामीटर आणि प्रोग्राम उतरवून घे, त्यांच्या दोन प्रती कर, आणि त्यांतील एक गाळ्याबाहेर, इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेव. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीखोर व्हायरस लहान कारखाना म्हणून कोणाला सोडत नाहीत. शिवाय प्रत्येक जॉबचे सेटिंग किमान दोघांना आले पाहिजे.

त्यानंतर यंत्र केव्हा आणि का थांबले, एवढेच साध्या एक्सेलमध्ये महिनाभर टिपून ठेव. आमच्याकडे एक ऑपरेटर संथ आहे, अशी सर्वांची समजूत होती. नोंदी पाहिल्यावर कळले की त्याचे यंत्र रोज पाऊण तास पहिला नग तपासला जाण्याची वाट पाहत उभे असे, कारण दोन यंत्रांत मिळून बारीक माप घेणारा मायक्रोमीटर एकच होता. दुसरा मायक्रोमीटर घेतला आणि प्रश्न मिटला. त्या नोंदीवरून कोणाची मजुरी मात्र कापू नकोस. एकदा तसे झाले की पुढच्या सगळ्या नोंदी खोट्या येतील. तीन लाखांचे सॉफ्टवेअर घ्यायचे की नाही, हे त्या महिन्यानंतर ठरव.

आता पैशांविषयी, कारण लहान कारखाना बहुधा काम नसल्यामुळे बुडत नाही, वसुली अडकल्यामुळे बुडतो. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. तो क्रमांक प्रत्येक बिलावर छाप. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत मिळायला हवेत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज दरमहा चक्रवाढीने लागते. व्याज मागितले की पुढची ऑर्डर जाते, असे तुझे वडील सांगतील, आणि त्यांचे खरे आहे. म्हणूनच ट्रेड्सची, म्हणजे लहान उद्योगांच्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था समजून घे. मोठ्या खरेदीदाराने तुझे बिल तेथे मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, रक्कम मुदतीआधी तुझ्या खात्यात येते, आणि पुढे खरेदीदाराने ती बुडवली तरी बँक तुझ्याकडे परत मागत नाही. 250 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तेथे नोंदणी करणे आता बंधनकारक आहे, त्यामुळे विचारताना संकोच बाळगू नकोस.

शुक्रवारी गाळा बंद असतो, तेव्हा वागळेला ये. येताना कोणत्याही एका जॉबचे ड्रॉइंग आणि त्याचे सेटिंग जसे लिहून ठेवले असेल तसे आण. वडिलांना न विचारता माझा सेटर त्यावरून पहिला नग काढू शकतो का, ते पाहू.

तुझा,
काका