अमेरिकन मसल कार भारी की परदेशी स्पोर्ट्स कार? तुम्ही स्वतः कुठली घ्याल?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दोघींत नक्की फरक काय, भारी कुठली, आणि पैसे असते तर मी कुठली घेतली असती. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. पैसे फार नव्हते तरी घेतली, आणि ती मसल कार नाही. डेट्रॉइटजवळ राहून, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करून हे कबूल करणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा चालत नाही म्हणण्यासारखं आहे. तरीही मसल कारबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी भांडतो. ते का, हे सांगायला जरा पाल्हाळ लागेल.

(आणि हो, 'परदेशी' हा शब्द अमेरिकन माणसाच्या तोंडचा आहे. आपल्याला दोन्ही परदेशीच.)

मी मूळचा पिंपरी-चिंचवडचा. आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन पक्ष होते, बुलेटवाले आणि आरएक्सवाले. बुलेट साडेतीनशे सीसीची, जड, नुसतं फायरिंग ऐकून पोरं वळून बघायची. यामाहा आरएक्स १०० जेमतेम ९८ सीसीची, पण ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे सिग्नल सुटला की मागे फक्त धूर. हे भांडण चार वर्षांत मिटलं नाही, कारण एक पक्ष छातीत काय वाजतं ते मोजत होता आणि दुसरा घड्याळात काय दिसतं ते. मसल आणि स्पोर्ट्सचं भांडण बरंचसं तसंच. फक्त ही उपमा एका जागी फसते. बुलेट सिग्नलवर हरायची, मसल कार मात्र सिग्नलवर जिंकायलाच जन्माला आली.

मसल कार म्हणजे काय? मध्यम आकाराची, चार-पाच माणसं बसतील अशी घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन कोंबायचं. बाकी गाडी जवळपास तीच. आणि किंमत अशी की कारखान्यात कामाला लागलेल्या बावीस वर्षांच्या पोरालाही हप्त्यावर परवडावी. ही शेवटची अट लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. काटेकोर माणसं फोर्डची मस्टँग आणि शेव्हरोलेची कॅमेरो यांना मसल कार म्हणत नाहीत, 'पोनी कार' म्हणतात, आणि शेव्हरोलेचीच कॉर्व्हेट तर पहिल्यापासून स्पोर्ट्स कारच, म्हणजे वळणांवर पळायला बनवलेली, बहुधा दोन माणसांची गाडी. पण या वादात शिरलो तर उत्तर संपणार नाही.

या जातीची पहिली गाडी बहुतेक लोक १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ मानतात. तिची जन्मकथा कुठल्याही सरकारी खात्यात शोभेल अशी आहे. पाँटिअ‍ॅक ज्यांच्या मालकीची, त्या जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून, म्हणजे साधारण ५.४ लिटरहून, मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी त्यात पळवाट शोधली. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा पैसे देऊन घ्यायच्या 'ऑप्शन'ला नव्हता. मग टेम्पेस्ट ल माँ या साध्या गाडीच्या ऑप्शनच्या यादीत सुमारे २९६ डॉलरची एक ओळ वाढली, आणि त्या ओळीत ३८९ घन इंचांचं, ६.४ लिटरचं इंजिन होतं. मारुती अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे एका बॉनेटखाली आठ अल्टो. वरच्या साहेबांना वाटलं होतं की पाचेक हजार खपतील. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गेल्या.

नावसुद्धा ढापलेलं होतं. जीटीओ हे फेरारीच्या २५० जीटीओचं नाव, आणि त्या इटालियन शब्दांचा अर्थ शर्यतीसाठी रीतसर मान्यता मिळालेली गाडी. पाँटिअ‍ॅकला अशी कसली मान्यता मिळालेली नव्हती. त्यात 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मार्च १९६४ च्या मुखपृष्ठावर दोन्ही जीटीओ आमनेसामने उभ्या केल्या, चित्रात. प्रत्यक्षात फेरारी आलीच नाही. चाचणी एकट्या पाँटिअ‍ॅकची झाली, आणि तिच्यात ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचं इंजिन गुपचूप बसवलं होतं, हे पाँटिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्सनी कित्येक वर्षांनी कबूल केलं. म्हणजे तुम्ही विचारताय त्या सामन्याची पहिली मोठी लढत झालीच नव्हती!

पण कागदावर ती लढवून बघूया, कारण फरक तिथेच दिसतो. फेरारीचं इंजिन ३ लिटरचं, १२ सिलिंडरचं, साधारण ३०० हॉर्सपॉवर. पाँटिअ‍ॅकचं ६.४ लिटर, ८ सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर लावून ३४८. एका लिटरमागे फेरारी १०० काढते, पाँटिअ‍ॅक चोपन्न. पहिल्या नजरेत अमेरिकन इंजिनिअर आळशी वाटतात. पण पाँटिअ‍ॅकची ताकद फार न पिळता, खालच्या फेऱ्यांतच हाती येते. फेरारीला ती काढायला इंजिन खूप जास्त फेऱ्यांवर न्यावं लागतं, आणि ते सोसणारे भाग हाताने घडवावे लागतात. म्हणून तशा फेरारी बनल्या ३६, आणि त्यातली एक २०१८ साली लिलावात ४.८ कोटी डॉलरच्या वर गेली. बत्तीस हजार पोरांना वेग द्यायचा असेल तर लोखंड मोठं करणं हा शहाणा मार्ग होता. पेट्रोल गॅलनला तीसेक सेंट होतं. ३.८ लिटरचा तो गॅलन कशाला मोजायचा?

युरोपात हे शक्यच नव्हतं, आणि त्याचं कारण रसिकतेपेक्षा सरकारी आहे. ब्रिटनमध्ये १९४७ पर्यंत सिलिंडरच्या रुंदीवर कर होता, म्हणून तिथली इंजिनं अरुंद आणि उंच होत गेली. इटलीत पुढे २ लिटरच्या वरच्या गाडीला इतका जबर कर लागला की फेरारीने १९८० च्या सुमारास खास घरच्या बाजारासाठी २ लिटरची गाडी काढली. जपानातही २ लिटर ओलांडलं की गाडी महागड्या वर्गात. आपल्याला याचं नवल वाटायला नको. चार मीटर आणि बाराशे सीसीच्या नियमापायी डिकी कापलेल्या सेडान आपणच रस्त्यावर आणल्या. सरकारने इंजिनाच्या आकारावर पैसे मागितले की इंजिनिअर छोट्या इंजिनातून जास्त काढायला आणि गाडीचं वजन उतरवायला शिकतो. अमेरिकेत तसं कुणी मागितलं नाही, म्हणून तिथला तो शिकला नाही.

दुसरं कारण रस्ते. आमच्याकडचा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू डेट्रॉइटमधून निघतो आणि थेट पाँटिअ‍ॅक नावाच्या गावात संपतो. गाडीचं नाव त्याच गावाचं. चाळीसेक किलोमीटर, रुंद, जवळपास सरळ, मध्ये मध्ये सिग्नल. साठच्या दशकात रात्री पोरं इथे एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावायची, आणि कारखान्यांतले इंजिनिअरही नव्या गाड्या घेऊन त्यात मिसळायचे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे त्या जगाचं माप. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या, तोच खेळ. आता त्याच्यासमोर आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट ठेवा. एका बाजूने चढताना ४८ हेअरपिन वळणं. आंबोली किंवा वरंध घाटात गाडी घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको की तिथे इंजिनाआधी ब्रेक, स्टिअरिंग आणि वजन बोलतं.

आणि ब्रेक हा माझा धंदा, म्हणून इथे थोडा थांबतो. १९६१ च्या जग्वार ई-टाइपला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होत. तीन वर्षांनंतरच्या जीटीओला चारही ड्रम, आणि मागे अखंड हाऊसिंग, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जखडलेली. मस्टँगला तर मागे पाटे, आपल्या टेम्पोला असतात तसे. ड्रम एकदा जोरात दाबला तर थांबवतो. लागोपाठ पाच-सहा वळणांवर दाबला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, लायनिंग तापतं, पेडल असूनही पकड जाते. वुडवर्डवर ही वेळ यायची नाही, दोन सिग्नलच्या मध्ये ड्रम निवायचा. उलट अखंड हाऊसिंग स्वस्त, दणकट, आणि सरळ रेषेत सगळा टॉर्क बिनतक्रार जमिनीवर उतरवणारं. म्हणजे ती गाडी अडाणी नव्हती. तिला घाट माहीतच नव्हता.

आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे १९७० ची शेव्हेल एसएस ही शेव्हरोलेची मसल कार आहे. बिल्ल्यावर ३९६ लिहिलंय, इंजिन खरं ४०२ घन इंचांचं. इंजिन वाढवलं, पण नाव गाजलेलं म्हणून बिल्ला तोच ठेवला. एकदा त्यांनी चावी दिली. स्टिअरिंग मी फिरवतोय आणि चाकं विचार करून सांगतो म्हणतायत, असं पहिलं किलोमीटर गेलं. मग सरळ रस्ता आला आणि मी पाय दाबला. नाक वर आलं, मागचे टायर ओरडले, पाठ सीटला चिकटली, आणि मी मराठीत एक शब्द उच्चारला जो इथे लिहिता येणार नाही. शेजारी फक्त हसले. असं सुख आजवर मला कुठल्याही जर्मन गाडीने दिलेलं नाही, आणि ऑफिसच्या कामापुरत्या मी बऱ्याच चालवल्या आहेत.

पुढची कथा दुःखाची, म्हणून भरभर. विमा कंपन्यांनी तरुण पोरांचे हप्ते गाडीच्या हप्त्याच्या तोडीला नेले. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, शिशाविना पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटचं ५.७ लिटरचं व्ही-८ केवळ १६५ हॉर्सपॉवरचं होतं. (जुने आकडे वाचताना जपा. १९७१ पर्यंत बहुतेक आकडे उघड्या इंजिनाचे, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर न लावता मोजलेले असत. १९७२ पासून सगळं लावून मोजू लागले, त्यामुळे काही घसरण खरी आहे आणि काही नुसती कागदावरची.) तोवर डॅटसन २४० झेड आली होती. सहा सिलिंडर, २.४ लिटर, १५१ हॉर्सपॉवर, किंमत साडेतीन हजार डॉलर. स्वस्तात मजा देण्याचा अमेरिकेचा धंदा जपानने असा उचलला.

आता आजचं. आज फरक विचारलात तर मी तोंड वाकडं करीन, कारण तो फारसा उरलेला नाही. मस्टँगने २०१५ च्या मॉडेलपासून अखंड हाऊसिंग सोडलं, उजव्या स्टिअरिंगची झाली आणि २०१६ साली भारतातही आली. २०२४ मध्ये तिच्याच जीटीडी या अवताराने जर्मनीतला नुरबुर्गरिंग हा शर्यतीचा वळणावळणांचा ट्रॅक सात मिनिटांच्या आत पूर्ण केला. कॉर्व्हेटचं इंजिन २०२० पासून सीटच्या मागे गेलंय, फेरारीसारखं. 'अमेरिकन' हा बिल्लाही तपासून घ्या. डॉजची चॅलेंजर २०२३ पर्यंत कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला बनायची, आणि २००४ साली जीटीओ हे नाव परत आलं ते ऑस्ट्रेलियात बनलेल्या गाडीवर. कॅमेरो २०२४ च्या मॉडेलनंतर बंद. डॉजच्याच 'चार्जर' या गाडीच्या विजेवरच्या अवताराला गुरगुरण्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागली, त्यावर मी बोलत नाही.

महत्त्वाचं म्हणजे किंमत. व्ही-८ ची नवी मस्टँग आज इथल्या बावीस वर्षांच्या कामगार पोराच्या आवाक्यात नाही, आणि माझ्या लेखी तिथेच मसल कार संपली. भारतात ती आली तेव्हा पासष्ट लाखांच्या आसपास होती. तिथे तर ती पहिल्या दिवसापासून श्रीमंतांचीच. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून दोघींतून निवडत असाल तर पार्किंगच्या उताराला गाडीचं पोट घासतं का, हे आधी बघा. मग बाकीचं.

मी घेतलेली गाडी म्हणजे १९९९ ची माझदा मियाटा, सेकंडहँड. १.८ लिटर, १४० हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर. जपानी गाडी, ब्रिटिश रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीच्या, वळणाची, आणि तिची मूळ कल्पना सुचवणारा माणूस अमेरिकन वाहन-पत्रकार, आरेखनही बरंचसं कॅलिफोर्नियातलं. हिला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. साठच्या वेगात वळण घेतलं तरी शंभरचा आनंद देते, आणि पावती मिळत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून चार महिने झाकून ठेवतो. बायको तिला 'तुमचं लोणचं' म्हणते.

पण ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की वुडवर्डवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, दर वर्षी हजारो जुन्या गाड्या येतात, आणि गर्दी इतकी की सगळ्या बैलगाडीच्या वेगाने सरकतात. हेमी व्ही-८ इंजिनाच्या एखाद्या जुन्या गाडीचं रेडिएटर उकळतं, मालक बॉनेट उघडून अभिमानाने उभा राहतो. त्या दिवशी मी मियाटा घरीच ठेवतो, घडीची खुर्ची आणि चिवड्याचा डबा घेऊन चालत जातो, आणि फुटपाथवर नुसता आवाज ऐकत बसतो.