दिव्यांग मुलाला वाढवणाऱ्या आईवडिलांचं कौतुक कसं करावं? त्यांना ती दया वाटू नये.

तुमच्या शेजारच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही, त्याच्या आईवडिलांची धडपड रोज दिसते, पण बोलायला गेलं की शब्द अडतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीलाही सेरेब्रल पाल्सी आहे. ती आता 24 वर्षांची आहे. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी कापूस आणि थोडी केळी. माय आणि नानांना लोक काय काय म्हणाले ते मी लहानपणापासून ऐकत आलोय.

"देवाने तुम्हालाच निवडलं" हे तेवढं बोलू नका. मायला ते कधीच सहन झालं नाही. "मागच्या जन्मीचं" हे तर त्याहून वाईट. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली, एवढंच ते. ती इजा वाढत नाही, भरूनही येत नाही; पण स्नायू ताठ राहिले की सांधे आखडत जातात, म्हणून हातापायांना रोज ताण द्यावा लागतो. रोज म्हणजे दिवाळीलाही आणि ऐन वेचणीतही.

जे डोळ्यांनी पाहिलंत ते बोला. माय बहिणीला भरवते ते बघा. आधी तिला सरळ बसवते, हनुवटी जरा खाली. कळण्याची भाकरी वरणात अशी कुस्करते की चमच्यातून घरंगळणार नाही आणि घशात अडकणारही नाही. अर्धाच चमचा. गिळल्याचं गळ्यावर दिसेपर्यंत दुसरा नाही. पाऊण तास जातो, तोवर मायची भाकरी गार. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि बहिणीला तहान सांगता येत नाही, म्हणून माय घड्याळ बघून पाणी पाजते. नानांनी अंगणात कमरेच्या उंचीवर बांबूचे दोन दांडे आडवे ठोकले, तिला धरून चालता यावं म्हणून. खुर्ची सुतारासमोर बसून करून घेतली, पाठ तिच्या मापाची. एकदा जळगावच्या एका डॉक्टरांनी ती खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "माप कसं घेतलं?" नाना परतीच्या एसटीत तापीचा पूल येईपर्यंत तेच सांगत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

आणि मुलाशी बोला. आईला "हा जेवला का?" विचारण्याआधी त्याच्याकडे बघून त्याला विचारा. उत्तराला वेळ लागेल, थांबा.

या आईबापांच्या पोटात एकच काळजी असते, आमच्यामागे कोण? तिथे कागदाची मदत करता येते. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढलंय का विचारा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. मूल 18 वर्षांचं झालं की 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्ह्याची समिती ते बघते. आम्हाला हे फार उशिरा कळलं. रांगेत उभं राहायला नानांबरोबर कुणी असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या.

आमच्या शेजारच्या जिजीने काय केलं ते सांगतो. ती महिनाभर रोज दुपारी येऊन मायशेजारी बसली आणि भरवायला शिकली. पहिले आठ दिवस नुसती बघत होती. मग श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, आली. मायला विसर्जनाच्या मिरवणुकीत जाऊन 11 वर्षं झाली होती; रोटांची, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, पूजा करायची आणि घरी थांबायचं. त्या सोमवारी जिजीने तिच्या हातातला चमचा घेतला. "तू जाय, मी बसस तिनाजोडे."

माय वेशीपर्यंत नाचत गेली. परत आली तेव्हा केसांत गुलाल होता, बहीण पोटभर जेवून झोपली होती, आणि जिजी वाटी धूत होती.