वाचक विचारतात: भाषेत मागे पडणारी मुलं आणि चूक दाखवण्याची रीत

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. ऐकू नीट येतं, तपासणी झाली आहे. स्पीच थेरपिस्टनी भाषाविकास विकार असल्याचं सांगितलं. तो ‘ताईनं खिडकी उघडला’ असं बोलतो. आम्ही ‘असं नाही, नीट म्हण’ म्हणून टोकतो, तर हल्ली बोलायचंच टाळतो. काय करावं? (एक पालक, सातारा)

उत्तर : टोकणं आधी बंद करा. ‘असं नाही’ एवढं ऐकून नेमकं काय बदलायचं ते त्याला कळत नाही. त्याऐवजी त्याचंच वाक्य लगेच, दुरुस्त करून परत द्या : ‘हो, ताईनं खिडकी उघडली.’ थेरपिस्ट याला रिकास्ट म्हणतात. अर्थ त्याचाच ठेवायचा, बदल एकच, ‘ली’वर आवाजाचा किंचित जोर. त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. चार-पाच सेकंद थांबायचं आणि खेळ पुढे चालू. एका वेळी एकच चूक धरा. उच्चारही सुधारू, क्रमही लावू असं केलंत, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘हो’ हा आशयाला असतो. चुकलेल्या वाक्याला ‘शाब्बास’ मात्र नको.

ही चूक होते कशी ते पाहा. ‘ताई आली’मध्ये क्रियापद ताईच्या लिंगाप्रमाणे बदलतं, ‘ताईनं खिडकी उघडली’मध्ये खिडकीच्या. म्हणून सुरुवात ‘नं’ स्पष्ट ऐकू येईल अशा वाक्यांनी करा. ‘मी’ आणि ‘तू’ सध्या बाजूला ठेवा : तो ‘मी पोळी खाल्ला’ म्हणाला की तुम्ही ‘तू पोळी खाल्लीस’ म्हणणार, म्हणजे एकदम तीन बदल. विसरणे, शिकणे, नेसणे ही क्रियापदंही नकोत. ‘ताई छत्री विसरली’त ‘नं’ येतच नाही, आणि आत्ताच कुठे बसू लागलेली घडी विस्कटते.

खेळण्यांचा खेळ सोयीचा. अस्वलानं गाडी ढकलली, माकडानं टोपी फेकली, वाघानं काठी मोडली, सशानं चादर धुतली. क्रियापद दर वेळी वेगळं हवं. हे फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या 2014 च्या अभ्यासात अर्ध्या तासाच्या सत्रात 24 रिकास्ट दिले गेले. 24 वेगळी क्रियापदं ऐकणाऱ्या मुलांची प्रगती झाली. 12च क्रियापदं दोन-दोनदा ऐकणाऱ्यांची तशी दिसली नाही. ‘पोळी खाल्ली’ वीसदा ऐकलेलं मूल ती शब्दांची जोडीच पाठ करतं, नियम पकडत नाही.

घरी पंधरा-वीस मिनिटं पुरतात, टीव्ही बंद करून. त्याची नजर खेळण्यावर किंवा तुमच्यावर असतानाच बोला. दुसरीकडे पाहत असेल तर तो रिकास्ट वाया गेला समजा. ‘अस्वलानं ढकलली का?’ असं विचाराल तर उत्तर ‘हो’ येईल आणि दुरुस्त करायला वाक्यच मिळणार नाही. ‘अस्वलानं काय केलं?’ विचारा. ‘ली’ येऊ लागली की ‘चेंडू फेकला’, ‘डबा उघडला’ मिसळा, नाहीतर तो सगळीकडेच ‘ली’ लावेल.

सात-आठ क्रियापदं खेळात अजिबात न वापरता राखून ठेवा. आठवड्यातून एकदा, रिकास्ट न देता, तीच विचारा. तिथे ‘ली’ आली तर शिकला; फक्त सरावातल्या वाक्यांत आली तर नाही.

प्रश्न : दुसरीच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. चूक समजावून सांगितली की ती मान डोलावते, पुन्हा तेच करते. (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : समजावणं हेही भाषाच आहे. ‘आपण मागच्या तासाला पाहिलं होतं ना, की हातचा घेतला की…’ यातलं निम्मं तिच्यापर्यंत पोचत नाही. मान डोलावणं ही सुटका असते. बोट ठेवा, पाच-सहा शब्दांत सांगा : ‘इथे हातचा एक. इथे लिही.’ नुसती लाल फुली किंवा अ‍ॅपमधला ‘चूक’चा आवाजही अपुरा, त्यातून ती पुढचा अंदाज ठोकायलाच शिकते. फुलीशेजारी बरोबर उत्तर हवं.

नवा शब्द शिकवताना चित्र दाखवून ‘बांध’ सांगा, मध्ये दोन-तीन दुसरे शब्द घ्या, मग ‘हे काय?’ विचारा. पाच-सहा सेकंद थांबा. आलं नाही तर तुम्हीच सांगा आणि पुढे चला. बरोबर आलं तरी ‘हो, बांध’ असा शब्द पुन्हा कानावर पडू द्या.

प्रश्न : भाषाविकास विकार असलेली आमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. घरी मराठी बंद करावी का? (पालक, पुणे)

उत्तर : नाही. हा विकार दोन भाषांमुळे होत नाही, आणि एक काढून टाकल्यानं जातही नाही. ज्या भाषेत तुम्ही सहज बोलता, तिच्यातच तुमचे रिकास्ट बिनचूक येतील.