टाच टेकेना, स्प्लिंट टोचतं

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) आहे. चवड्यांवर चालतो. पोटरी ताणायला सांगितलंय, पण घरी जमत नाही. स्प्लिंट (पाऊल-घोटा नीट धरून ठेवणारा कडक साचा) काढल्यावर पाय लाल दिसतो.
– एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : बहुतेक घरांत चवडा धरून वर दाबतात. त्याने पाऊल मधेच वाकतं, टाच जागची हलत नाही. मुलाला उताणं झोपवा, गुडघा सरळ. टाच तळहातात घट्ट धरा, पायाचा तळवा तुमच्या मनगटापुढच्या हातावर (कोपराच्या बाजूला) टेकू द्या. टाच गुडघ्यापासून लांब, खाली ओढत तळवा हळूच नडगीकडे वर न्या. 30 सेकंद थांबा. असं 4-5 वेळा. झटका दिलात की पोटरी उलट आवळते. आंघोळीनंतर सोपं जातं. नुसत्या तेल-मालिशने मात्र टाच खाली येत नाही, आजी काहीही म्हणोत!

स्प्लिंट घालताना टाच पार मागे टेकवा आणि घोट्यावरचा पट्टा सर्वांत आधी आवळा. तो सैल राहिला की टाच वर सरकते नि घासते. सुती मोज्याला चुणी नको. पावसाळ्यात दमट मोजे तर नकोतच. लाली 20 मिनिटांत गेली तर ठीक. टिकली किंवा फोड आला, तर स्प्लिंट बंद ठेवून बनवणाऱ्याला दाखवा.